काकण बांधलेली बोट

बावीस वर्षं मी फौजेत बोटींची इंजिनं सांभाळली. ईशान्येकडच्या नद्यांत सांभाळली, पंजाबच्या कालव्यांत सांभाळली, एका साहेबानं हट्टानं वाळूत घातलेलं इंजिनही मीच खोलून पुन्हा उभं केलं. इतक्या वर्षांत एकाही सुभेदारानं माझ्याशी इंजिनावरून हुज्जत घातली नाही. ती कसर माझ्या थोरल्या भावानं एका उन्हाळ्यात भरून काढली. दादाला इंजिनातलं काय कळतं? ट्रॅक्टरला चावी मारायची आणि आवाज आला की बसायचं, एवढं कळतं. तरी बोलायला पुढं तोच.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. घर गावात नाही, मळ्यात आहे, आणि मळा नदीपासून दोन शेतं अलीकडं. बाकी वर्षभर ही फार सुखाची जागा. पाऊस लागला आणि वरच्या धरणाचे दरवाजे उचलले, की मग या जागेचं सुख कळतं.

मागच्या मोठ्या पुरात आम्ही दोन दिवस स्लॅबवर काढले. खरं तर काढायची गरज नव्हती. पहिल्याच सकाळी जवानांची बोट आली होती. आवाजावरूनच मी इंजिन ओळखलं आणि मला हायसं वाटलं. वहिनी बसली, माझी बायको बसली, पुतण्या बसला, शेजारची पोरंबाळं बसली. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आली, बोट हललेली तिनं बघितली आणि खाली बसली.

"मी न्हाई यायची. ह्ये हालतंय."

आम्ही हात जोडले. जवानांनी हात जोडले. मी फौजीपणा दाखवत आवाज चढवला, तसा तिनं टाकीचा पाइप दोन्ही हातांनी धरला. ऐंशीच्या घरातली बाई, पण त्या पाइपावरची तिची बोटं सुटेनात. बोटीला पुढच्या वस्त्या होत्या. ती गेली. मग मी आणि दादा आईसोबत राहिलो. चुरमुरे खात आणि पाणी कुठल्या पायरीला आलं ते बघत आम्ही दोघे दोन दिवस एकमेकांशी फार बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं म्हणून वाचलो.

त्यानंतर मी बोट घेतली. कोयनेच्या जलाशयात प्रवाशांना फिरवणाऱ्या एका माणसाची होती. चौदा फूट लांब, अॅल्युमिनियमची, मागं पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन. जन्मापासून गोड्या पाण्यात वावरलेली, त्यामुळं अंगावर एक डाग नाही. महिन्यातून दोनदा मी ती नदीत घालायचो आणि तासभर फिरवून आणायचो. आई बांधापर्यंत यायची. दसऱ्याला तिनं बोटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पाय मात्र ठेवला नाही.

"आई, नुसती बसून बघ. सुरू करत न्हाई मी."

"तू हिंड की रं. माजं काय काम हाय तकडं?"

म्हणजे पुढच्या पुराच्या आधी दोन गोष्टी साधायच्या होत्या. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं पाहिजे आणि आई बोटीत बसली पाहिजे. दुसरीचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. म्हणून मी माझा सगळा जीव पहिलीवर ओतला.

अशात पुतण्याचं लग्न ठरलं. मुलगी त्याच्याबरोबर इस्लामपूरच्या कॉलेजात होती, पण माहेर तिचं कोकणात, गुहागरच्या बाजूला एका खाडीच्या पल्याड. लग्न मुलीच्या दारात करायचं ठरलं, ते ठीक. एका सकाळी चहाला बसलो होतो आणि दादा म्हणाला, "नवरदेव आपल्या बोटीतनं खाडी वलांडनार."

"कुठल्या बोटीतनं?"

"आपल्या किती बोटी हायत्या?"

मला वाटलं थट्टा चालली आहे. मी म्हणालो, "दादा, तितं पूल हाय. सोयरीक बघायला गेलो तवा आपन त्याच पुलावरनं गेलो."

"पुलावरनं समदंच जात्यात."

मग मी चहा बाजूला ठेवला आणि नीट समजावून सांगितलं. ही माझी जुनी खोड. मी म्हणालो, बोटीचं इंजिन थंड राहण्यासाठी बाहेरचं पाणी आत ओढतं, आतून फिरवतं आणि मागं सोडून देतं. गोडं पाणी असलं तर काही बिघडत नाही. खारं पाणी आत फिरलं आणि तसंच वाळलं, तर मीठ आत बसतं. आतल्या वाटा करंगळी जाणार नाही इतक्या बारीक, त्या बुजतात. मग इंजिन तापतं आणि नदीच्या मधोमध बंद पडतं. पुरात बंद पडलं तर बोट कुठं जाईल ते देवाला ठाऊक.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग ते कोळी काय दूद घालून चालवत्यात व्हय?"

वहिनी हसली. माझी बायकोसुद्धा हसली. कोळ्यांची इंजिनं खाऱ्या पाण्यासाठीच बांधलेली असतात आणि ते ती रोज धुतात, हे माझं वाक्य कुणाच्या कानात गेलं नाही. दादा बशीतला चहा संपवून उठला आणि जाता जाता म्हणाला, "मीठच हाय न्हवं? आपन रोज खातो."

चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. त्याचा त्याला पत्ताही लागला नाही, कारण तो पत्रिका वाटत तालुकाभर फिरत होता आणि भेटेल त्याला सांगत होता, आमचा नवरदेव मोटारबोटीतनं जानार. पाचव्या दिवशी मला कळून चुकलं की बोट जाणारच. मग निदान तिला वाचवायचं कसं, ते मी बघायला लागलो.

त्यात पहिलं काम जस्ताचं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू शेजारी आले की त्यातला कमजोर धातू झिजतो. आमच्या बोटीत अॅल्युमिनियम आहे, स्टीलचे बोल्ट आहेत, इंजिनाचा पंखा आहे. म्हणून बोटीच्या बुडाशी मुद्दाम जस्ताचा ठोकळा लावतात, म्हणजे पाणी त्याला खात बसतं आणि बोटीला सोडतं. गोड्या पाण्यासाठी वेगळ्या धातूचा असतो, तो आमच्या बोटीला होता, पण समुद्रात तो टिकत नाही. सांगलीत चार दुकानं पालथी घातली. एकानं मला बॅटरीची टर्मिनलं दाखवली, दुसऱ्यानं बंबाला लावायचा पत्रा. शेवटी मुंबईहून दोन ठोकळे मागवले आणि स्वतःच्या हातानं बसवले. या ठोकळ्याची एकच अट असते. तो उघडा पाहिजे. त्याला रंग लागला की त्याचा उपयोग संपला.

मी ग्रीस आणि वायरींना मारायचा स्प्रे आणायला एक दिवस कराडला गेलो. संध्याकाळी परत येतो तर बोट ओळखू येईना. दादानं पेंटर बोलावला होता. हा पेंटर म्हणजे बेंदराला बैलांची शिंगं रंगवणारा, आणि आता बैल उरले नाहीत म्हणून ट्रॅक्टर रंगवणारा. त्यानं बोट भगवी केली होती, कडेनं हिरवे पट्टे मारले होते, पुढं दोन डोळे काढले होते. आणि माझे दोन्ही ठोकळे लालभडक.

"ह्ये का रंगवलंस?"

"तेवढंच उगडं दिसत हुतं की," पेंटर म्हणाला. "बैलाचं एक शिंग सोडून दुसरं रंगवत्यात व्हय कुनी?"

मी तारेचा ब्रश घेऊन बसलो. रात्री उशिरापर्यंत दोन्ही ठोकळे घासून पांढरे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पुन्हा लाल. पेंटरनं डब्यात उरवलेला रंग दादानं स्वतः, प्रेमानं, दोन हात मारून संपवला होता. "खरडलं हुतं कुनीतरी," तो मला म्हणाला. "पोरं लय वात्रट झाल्यात."

मी पुन्हा घासलं. या वेळी वर गोणपाट गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि दादाला सांगितलं की नजर लागू नये म्हणून आहे. ते मात्र त्याला लगेच पटलं.

हळदीच्या दिवशी नवऱ्याला काकण बांधलं, हळकुंडाचं. नंतर मी बोटीकडं गेलो तर इंजिनाच्या मुठीलाही तसंच काकण. मला वाटलं फोटोसाठी कुणीतरी केलं असेल. मी दुर्लक्ष केलं, आणि ही माझी चूक होती, पण ती मला पुढं कळायची होती.

उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या कारागिराकडून ट्रेलर करून घेतला होता. जीपच्या मागं बोट, पुढच्या सीटवर आई, असे आम्ही कराडवरून पाटण, पाटणवरून कुंभार्ली घाट उतरलो. प्रत्येक वळणावर मी मागं बघत होतो. घाटात एका चहाच्या टपरीवर माणसं जमा झाली आणि ही काय निवडणुकीची बोट आहे का म्हणून विचारू लागली. दादानं त्या सगळ्यांना लग्नाचं आमंत्रण दिलं.

खाडीवर पोचलो तर ओहोटी. आम्हा घाटावरच्यांना पाणी धरण सोडल्यावर वाढतं एवढं ठाऊक. हे आपल्या मनानं सहा तास खाली जातं आणि सहा तास वर येतं, हे दादाच्या मुहूर्तात बसत नव्हतं. "पानी कवा सोडत्यात हितं?" त्यानं एका कोळ्याला विचारलं. तो बिचारा बघतच राहिला. तीन तास आम्ही धक्क्यावर उन्हात बसलो. पल्याड मुलीकडची मंडळी आणि बँडवाले बसले. अखेर पाणी आलं, बोट तरंगली, मी गोणपाट सोडलं आणि मागं इंजिनाशी बसलो.

नवरदेव बसला. मुंडावळ्या वाऱ्यानं तोंडात जात होत्या. करवली बसली. मी इंजिन सुरू केलं. दादा मात्र धक्क्यावर उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "नवरदेवाची आजी बसल्याबिगर वरात निगायची न्हाई!"

मला राग आला. वेळ जात होता, तळाशी चिखल होता, पाणी ओढायची जाळी त्यात भरली असती. आणि हा माणूस धक्क्यावर नाटक करतोय. पल्याड बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली होती. सगळे आईकडं बघत होते. आईनं पाण्याकडं बघितलं, नातवाकडं बघितलं. दादानं हात पुढं केला. ती बसली.

तिचा चेहरा कसा झाला होता ते मी सांगू शकत नाही, कारण मी बघितलाच नाही. इंजिनातून मागं पडणारी पाण्याची बारीक धार नीट पडते का, हे मी बघत होतो. "आई, मदी बस, काठाला नगं," एवढंच मी म्हणालो, तेही वजन सारखं राहावं म्हणून. दादानं मला पल्याड पोचल्यावर परत अल्याड आणि परत पल्याड असं तीनदा फिरवलं, कारण फोटोवाल्याला म्हणे सूर्य चुकीच्या बाजूला पडत होता. प्रत्येक फेरीला आई आतच बसून होती.

बोट पाण्याबाहेर काढली की आतून गोड्या पाण्यानं धुवायची, तेही ताबडतोब, हा पहिला नियम. मी व्याह्यांना गाठलं. म्हणालो, दोन पिंपं गोडं पाणी मिळेल का? मे महिना होता. त्यांच्या विहिरीनं तळ गाठला होता, जेवणावळीसाठी टँकर मागवला होता.

"पाहुणे, पिण्यासाठी हवं का?"

"इंजिनाला."

त्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि एक कळशी पाठवून दिली. त्या कळशीत मी फडकं भिजवून इंजिन बाहेरून पुसलं. आत मीठ तसंच.

बुधवारी दुपारी घरी आलो. नवरानवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत जायच्या आधी मी बोअरचा पाइप ओढत बोटीकडं निघालो होतो. मागून आईचा आवाज आला.

"थांब."

मी थांबलो.

"काकन हाय तिला."

आमच्या घरची रीत अशी, की देवदर्शनाहून येऊन काकण सोडेपर्यंत नवरानवरीनं डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. देव आमचा पालीचा खंडोबा, आणि खंडोबाला जायचं ते रविवारी. इंजिनाच्या मुठीला काकण बांधलं होतं ते आईनं. आता त्याच हिशेबानं बोटीनंही रविवारपर्यंत पाणी घ्यायचं नव्हतं.

"आगं आई, ती बोट हाय."

"म्हनून काय झालं? माज्या नातवाला पल्याड न्हेलं तिनं. मला न्हेलं."

"दादा, तुमी तरी सांगा."

"रीत म्हंजे रीत," दादा म्हणाला, आणि आत जाऊन पंख्याखाली झोपला.

त्या दुपारी मी ओरडलो. मीठ काय करतं, गंज कसा चढतो, पुरात काय होईल, सगळं पुन्हा सांगितलं. मी म्हणालो, तुमच्या रिवाजापायी ऑगस्टात आपण सगळे पुन्हा स्लॅबवर बसणार आहोत. आई शांतपणे डाळ निवडत होती. तिनं आपली बाज बोटीच्या छपराखाली आणून टाकली होती, कारण घरात पाहुण्यांची गर्दी होती आणि तिथं सावली होती. त्यामुळं चोरून धुवायची सोयही राहिली नाही. गुरुवारी सकाळी पाणी बाहेर पडायच्या भोकापाशी पांढरी पूड दिसू लागली. बोटानं पुसली, तास गेला की परत. उकाड्यानं आत काय चाललं असेल त्या विचारानं माझ्या अंगाची लाही होत होती.

दुपारी नवी सून बाहेर आली. आईनं तिच्याकडं बघितलं आणि वहिनीला हाक मारली, "पोरीला पानी दे गं, तोंड सुकलंय तिचं." सुनेच्या हाताला काकण होतं. ती तांब्या वर करून घटाघट पाणी प्यायली. मी बघत होतो.

"आई," मी म्हणालो, "काकन असलं तरी पानी पेत्यात न्हवं?"

"पानी प्यायला कोन नगं म्हनतंय? तान्हेलं ठेवायचं व्हय मानसाला?"

"मंग इंजिनाला पानी पाजू दे मला. न्हाऊ घालत न्हाई. भायेर अंगावर थेंब पडू देत न्हाई. नुसतं आत पाजतो."

तिनं डाळीचं सूप बाजूला ठेवलं. ती खरंच विचार करत होती. "त्येला तोंड कुटं हाय?"

मी दाखवलं. इंजिनाच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंना पाणी ओढायच्या जाळ्या असतात. त्यावर बसवायच्या रबरी वाट्या माझ्याकडं होत्या, त्यांना पाइप जोडला की इंजिन सरळ पाइपातून पाणी ओढतं.

"किती पील?"

"अर्दा तास."

"आरं देवा! येवडं तान्हेलं हाय, आन् तू कालधरनं तसंच ठेवलास?"

मी वाट्या लावल्या, नळ सोडला, पंख्यापाशी कुणी नाही ना बघून इंजिन सुरू केलं. मागच्या भोकातून आधी थेंब थेंब आलं, मग चिरकत पिचकारी, मग धार. मी बोट लावून चव घेतली. मिठाचं पाणी. दहा मिनिटांनी परत घेतली, खारट. वीस मिनिटांनी जवळजवळ गोडं. अर्ध्या तासानं बोअरचं पाणी लागतं तसं लागलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आई आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "भागली का तान?" भागली, मी म्हणालो. रविवारपर्यंत रोज दोनदा मी त्याला पाणी पाजलं आणि रोज दोनदा आईनं मला आठवण करून दिली.

बाहेरच्या बाजूला मात्र रविवारपर्यंत मीठ तसंच राहिलं. काकण सोडलं, नवरानवरीला न्हाऊ घातलं, मग बोटीची पाळी. रंगाखाली पत्र्याला बारीक खड्डे पडले होते. दोन बोल्ट इतके जाम झाले की कापून काढावे लागले. ट्रेलरच्या चाकांतून रेती दळल्यासारखा आवाज येत होता. जस्ताचे ठोकळे, जे मी दोनदा खरडले होते, ते कडेनं कुरतडल्यासारखे दिसत होते, म्हणजे त्यांनी आपलं काम केलं होतं. ते पाहून या सगळ्या घरात निदान कुणीतरी माझं ऐकलं असं मला वाटलं. अख्खा जून मी बोटीत घालवला. पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबर बदललं, वायरींची टोकं घासली, प्रत्येक बोल्टला ग्रीस दिलं. प्रत्येक खड्डा दादाला बोलावून दाखवला. त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

"रंग मारू की."

जुलै संपता संपता पाऊस लागला तो थांबेना. वर धरणाचं पाणी सोडल्याची बातमी सकाळी मोबाइलवर आली, दुपारी गावातला भोंगा सुरू झाला. जनावरं आदल्या दिवशीच वर नेली होती. पाणी शेतातून आलं, कुंपणातून आलं, अंगणात आलं आणि पहिल्या पायरीला लागलं. मी बोट जिन्याला लावली. दोर ओढला. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. मला भयंकर राग आला. दुसऱ्या! माझ्या हातातलं इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होतं, सगळ्या रेजिमेंटला ठाऊक आहे.

मग मी आईच्या तयारीला लागलो. खुर्ची आणली होती, दोर आणला होता. मी आणि दादानं खुर्चीसकट तिला उचलायचं, ती ओरडली तरी उचलायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. वहिनीला सांगून ठेवलं होतं की टाकीच्या पाइपापाशी आधी तू उभी राहा.

आई गाठोडं घेऊन बाहेर आली. पदर खोचला. खुर्चीकडं तिनं बघितलंही नाही. पायरीवरून खाली उतरली, बोटीच्या काठाला हात लावला, पाय आत टाकला आणि मधल्या फळीवर बसली. बोट हलली, तशी तीही हलली आणि स्थिर झाली. मागं नवी सून पायरीवर उभी होती. कोकणातली पोर, पण पूर कधी बघितलेला नाही. ते गढूळ, घोंघावत जाणारं पाणी बघून तिनं कठडा घट्ट धरला होता. आईनं तिच्यापुढं हात केला.

"ये बाई. भ्यायचं न्हाई. मदी बस, काठाला नगं."

माझ्या हातातला दोर तसाच राहिला. मी आईकडं बघत राहिलो, आणि मग दादाकडं. दादा खुर्ची परत घरात ठेवत होता.

गावातल्या उंचावरच्या शाळेच्या पायऱ्यांना बोट लावली, सगळे उतरले. आईला धरून नेलं. मी आणि दादा दोघंच उरलो. माझ्या तोंडातून पुन्हा तेच निघालं. ही माझी खोडच आहे. म्हणालो, "दुसऱ्या झटक्याला चालू झालं. मिठामुळं. मी सांगत हुतो."

दादा पायऱ्यांवर बसून धोतराचं पाणी पिळत होता. तो वर न बघता म्हणाला, "पैल्या झटक्याला झालं असतं, आन् आई बसली नसती, तर?"

मी इंजिनाच्या मुठीवरचा चिखल पुसू लागलो.

"दोन दिस स्लॅबवर आपन काय बोललो न्हाई. मी त्योच इचार करत हुतो. हिला पुराच्या पान्यात कोन बसवनार? नातवाच्या वरातीला ती न्हाई म्हनायची न्हाई, येवडं मला ठावं हुतं. म्हनून समद्यांम्होरं म्हनलो. खाईना का मीठ बोटीला."

"मंग मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तुला सांगितलं असतं, तर तू तिला जस्त दाखवून समजावत बसला असतास."

मला लाज वाटली. राग तर अजून होताच, पण तो कुणावर काढायचा ते मला कळेना. आई त्या धक्क्यावर बोटीत बसायला तयार झाली तेव्हा माझा भाऊ तिचा हात धरून होता आणि मी पाण्याची धार बघत होतो. बावीस वर्षं मी माणसं बोटीत बसलेलीच बघितली. ती बसायच्या आधी त्यांच्या मनात काय चाललेलं असतं, हे बघायचं काम नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

मळ्यात शेजारची दोन घरं अजून बाकी होती. दादा उठला, चिखलात उतरला आणि त्यानं बोट खांद्यानं लोटली.

"सावकाश जा," तो म्हणाला. "आन् ते तापलंय का बघ मदनंमदनं."

इंजिनाबद्दल मला कुणी काही शिकवलेलं खपत नाही. मी व्हय म्हणालो आणि गेलो.